मूलचा रस्ता आणि एक वर्षाचे मुख्यमंत्री

चंद्रपूरहून गडचिरोलीची एस.टी. धरली की शहर सुटताच सागाचे जंगल लागते. पुढे मूल, सावली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. याच मुलखातले मारोतराव कन्नमवार. १९६२ साली चीनचे युद्ध पेटले, यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबरला गरीब घरातले कन्नमवार मुख्यमंत्री झाले. २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असतानाच ते वारले. अवघे एक वर्ष चार दिवस! तेवढ्यात तर माणसाला सचिवालयातल्या फायलीही ओळखीच्या होत नाहीत, हे आम्हा कारकुनांना विचारा.

डिसेंबरात आलेले वसंतराव नाईक मात्र अकरा वर्षे टिकले. अमेरिकेने १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येण्याची अट घातली. आपल्याकडे अशी अट नाही. विधानसभेचा विश्वास असेपर्यंत खुर्ची.

मुंबईकर वाचकहो, विक्रोळीचे कन्नमवार नगर याच माणसाच्या नावाचे.

सावली मागे पडली की वैनगंगेचा पूल येतो. पलीकडचा गडचिरोली भाग वेगळा जिल्हा व्हायला २६ ऑगस्ट १९८२ उजाडावे लागले. तोवर सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी दीडशेवर किलोमीटर तुडवीत चंद्रपूरलाच यावे लागे.