व्होल्टेज जागच्या जागी

मध्य प्रदेशातल्या रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत माझं काम कपॅसिटर पॅनेलचं. कारखानदार बोलावतात ते बहुधा वीजबिलात पॉवर फॅक्टरचा दंड आल्यावर. दंड टळला की त्यांच्या लेखी विषय संपतो. मला मात्र हे काम बिलापुरतं कधीच वाटलं नाही. मोठ्या ग्रिडचं व्होल्टेज टिकतं की बसतं, याचा थोडा भार या पत्र्याच्या पेटीवरही असतो.

मोटर फिरायची तर आत चुंबकीय क्षेत्र उभं राहावं लागतं आणि त्यासाठी रिॲक्टिव्ह पॉवर लागते. ती लांबून आणायला गेलं, तर वाटेतल्या लाइनी आणि ट्रान्सफॉर्मर तिचा मोठा वाटा खातात आणि वर व्होल्टेजही पाडतात. म्हणून ती लागते तिथेच, कपॅसिटरने तयार करायची. फ्रिक्वेन्सी साऱ्या ग्रिडची एक. नयागावच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिसते तीच रिछाईत. व्होल्टेज मात्र फीडरगणिक वेगळं.

ते कोसळतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. भार वाढला, व्होल्टेज उतरलं. सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर आपोआप टॅप बदलून खालचं व्होल्टेज सावरतो. खालचा भार पूर्ववत होतो, पण वरच्या लाइनीतून करंट आणखी वाढतो आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात तिथली तूटही वाढते. जनरेटर एक्सायटेशन वाढवत राहतात, तेही मर्यादेपर्यंतच. मर्यादा गाठली की पुढचा टॅप व्होल्टेज उचलण्याऐवजी खाली ओढतो. त्यापुढे भार तोडणं हाच उपाय, तोही वेळेत. २३ जुलै १९८७ रोजी टोकियोत कडक उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीनंतर मागणी मिनिटाला सुमारे ४०० मेगावॉटने चढली. कपॅसिटर जोडले तरी व्होल्टेज उतरतच गेलं आणि आठ हजार मेगावॉटहून जास्त भार तुटला.

आपल्या राज्यातली गोष्ट ३० जुलै २०१२ ची. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली. लाइनीवर फॉल्ट नव्हता. करंट जास्त आणि व्होल्टेज कमी, हे लाइनीचं संरक्षण करणाऱ्या रिलेला लांबच्या फॉल्टसारखं दिसलं. उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच लाइन ट्रिप झाली आणि पूर्व व ईशान्य भागही गेले. तो निव्वळ व्होल्टेज कोसळण्याचा प्रकार नव्हता, हे सांगायलाच हवं. पण उतरलेलं व्होल्टेज संरक्षणालाही कसं चकवतं, हे तिथे दिसलं.

आता पेटीकडे या. कंट्रोलरवर सगळे दिवे लागलेले, सगळ्या स्टेप आत, तरीही पॉवर फॅक्टर वर येत नाही. मग मी एकेका कपॅसिटरच्या तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर लावतो. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टला साधारण ३१ अँपिअर घेतो. एखाद्या फेजला १८-१९ दिसले की तो आतून गेलेला. दिवा मात्र लागलेलाच. डबा फुगला असेल तर मीटरचीही गरज नाही. हात लावण्याआधी पुरवठा तोडून काही मिनिटं थांबायचं आणि टर्मिनल डिस्चार्ज झालेत याची खात्री करायची. यात घाई मी कुणालाच करू देत नाही.

कपॅसिटरची एक मोठी उणीव आहे. व्होल्टेज ९० टक्क्यांवर आलं की तो रिॲक्टिव्ह पॉवर ८१ टक्केच देतो. गरज असते नेमक्या त्याच वेळी हात आखडता घेतो. मोटरचंही तसंच: ८० टक्के व्होल्टेजला टॉर्क ६४ टक्के. मोटर अडखळली की करंट आणखी ओढते. म्हणून कपॅसिटर व्होल्टेज पडण्याआधीच धडधाकट हवा. उलट रविवारी यंत्रं बंद असताना कायमचा जोडलेला कपॅसिटर व्होल्टेज नको तितकं चढवतो, तेव्हा तो बाजूला काढणंही तितकंच गरजेचं.

मध्य प्रदेशात खरी कसोटी पावसाळ्यानंतर, रब्बीत असते. गव्हाच्या पाण्यासाठी शेतांवरचे पंप एकदम सुरू होतात आणि तेव्हा सगळीकडेच रिॲक्टिव्ह पॉवरची ओढाताण असते. त्या दिवसांत रिछाईतल्या कारखान्याने आपली गरज आपल्याच पॅनेलमधून भागवली, तर तेवढा करंट वरच्या लाइनीवरून उतरतो. तेव्हा कारखानदार मित्रांनो, दंडाची वाट पाहू नका. दिवाळीच्या सफाईबरोबर पॅनेल उघडून घ्या आणि प्रत्येक कपॅसिटरचा तिन्ही फेजचा करंट वहीत लिहून ठेवा.