नॉयबर्गथालची सडक

५ ऑगस्ट, स्टाइनबाख
मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज या संग्रहालयाची पवनचक्की लांबूनच दिसते. १९७२ साली उभारलेली जुन्या चक्कीची ही प्रतिकृती २००० साली जळाली, आणि पुढच्याच वर्षी लोकांनी ती पुन्हा बांधली. शेजारी सेमलिन आहे: अर्धं जमिनीत खोदलेलं, गवताच्या ढेकळांनी शाकारलेलं खोपटं. रशियात सक्तीची लष्करभरती येणार म्हणून शस्त्र न धरणाऱ्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाची ही माणसं १८७४ पासून कॅनडातल्या मॅनिटोबात आली आणि इथले पहिले हिवाळे कित्येकांनी असल्या खोपटांत काढले. आत उभं राहिल्यावर उणे तीसची थंडी नुसत्या कल्पनेनेच अंगावर आली.
जेवायला वेरेनिके: पारीत ताजं चीज भरून उकडलेले, वर मलईची ग्रेव्ही. पोटभरीचं, शेतकऱ्याचं अन्न.

६ ऑगस्ट, ऑल्टोना
दिवसभर प्रवास. सूर्यफुलांची शेतं.

७ ऑगस्ट, नॉयबर्गथाल
यायचं होतं ते इथेच. १८७६ साली वसलेलं गाव: एकच सडक, दुतर्फा उंच कॉटनवुड, घरांमागे लांबट पट्ट्यांची शेतं. सरकारी मोजणीने जमिनीचे १६० एकरांचे चौकोन पाडले होते. ज्याने त्याने आपल्या चौकोनात एकटं राहायचं, असा रिवाज. मेनोनाइटांनी मात्र जमिनी एकत्र केल्या, आपसात वाटून घेतल्या आणि घरं शेजारी-शेजारी बांधली. घर आणि गोठा एकाला एक जोडून. बर्फात पाऊल न टाकता स्वयंपाकघरातून थेट गुरांकडे जाता येतं.
१९८९ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तरी लोक इथे राहतात, शेती करतात. स्टाइनबाखला बरीच जुनी घरं दुसरीकडून उचलून आणून मांडली आहेत. तेही मोलाचं काम. पण घर आपल्या शेतासह, शेजाऱ्यासह जागच्या जागी टिकणं मला अधिक मोठं वाटतं.

८ ऑगस्ट, विनिपेग
एक गोष्ट राहू नये. सरकारशी झालेल्या १८७१च्या ‘पहिल्या करारा’नंतर ही जमीन अनिशिनाबे आणि स्वॅम्पी क्री या मूळनिवासी लोकांच्या हातून गेली. मूळनिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे मेती लोकही मागे रेटले गेले. पुढे शाळांत इंग्रजीची सक्ती झाली, तेव्हा १९२०च्या दशकात हजारो मेनोनाइटांनीही मॅनिटोबा सोडून मेक्सिको आणि पाराग्वे गाठलं. पर्यटकाला हे सगळं सांगायलाच हवं.
विनिपेगच्या मराठी कुटुंबांनी नॉयबर्गथालला जरूर जावं. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. गाडी गावाच्या टोकाला लावा, सडक पायी चाला, आणि कुणाच्या अंगणात शिरण्याआधी विचारा.