विहिरीतला समुद्र

आमच्या देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी आणखी एक दगड असे. फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेला. दिवाळीत पणती लावली की आतून उजळल्यासारखा दिसे. माय त्याला 'विहिरीचा देव' म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात आबांनी जिंतूर तालुक्यातल्या आमच्या वावरात विहीर खणायला घेतली. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, ती जागा धरली. काळी संपली, मुरूम संपला, मांजऱ्या लागला. एका सुरुंगानंतर वर आलेल्या डबरात हे स्फटिक चमकले. मी हळूच जीभ लावून पाहिली. मीठ असेल, तर खाली समुद्र असणार! आबा म्हणाले, "समिंदर नको रे बाबा, घागरभर लागलं तरी बास."

घागरभरही लागले नाही. कर्ज मात्र झाले, बैलजोडी गेली.

पुढे परभणीला शिकताना कळले, की खनिजे घडवणाऱ्या समुद्राची खूण पाहायची तर भंडाऱ्याकडे जावे. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात थराथरांनी साचले, मग उष्णतेने आणि दाबाने पालटले. आमचा खडक त्या मानाने कालचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. त्यांत पाणी झिरपले. त्याने खडकातलीच सिलिका आणि चुना विरघळवून आणला व पोकळीच्या भिंतींवर कणाकणाने मांडला. गाळ असो की लाव्हा, कारागीर एकच : पाणी!

आमचा देव 'स्टिल्बाइट' निघाला, झिओलाइटांच्या गोतातला. तापवला की हा दगड फुगतो, पाणी सोडतो. म्हणून तर स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५६ मध्ये या गोताला 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. शंभर तोळे स्टिल्बाइटात सतरा-अठरा तोळे पाणीच असते.

आबांना हे सांगावे की नाही, या विचारात दोन सुट्ट्या गेल्या. तिसऱ्या दिवाळीत सांगितले. ते बराच वेळ दगड तळहातावर धरून बसले. मग धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी तो जागेवर ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले, "पाणाड्या खोटं बोलला नव्हता तर."