काचेबाहेरची थंडी

डिसेंबर सरता सरता निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. तो एका आकड्यावर घसरला की द्राक्षवाल्यांची झोप उडते. बागेत जागोजाग शेकोट्या पेटतात आणि पहाटे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी वेलींना सोडतात. जमिनीच्या पोटातलं ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं, वाफाळत येतं, आणि बागेतला गारठा जरा मोडतो. इकडे नाशिकला त्याच सुमाराला मी उत्तरेकडच्या खोलीत माशांच्या टाकीवरचा थर्मामीटर बघत असतो. शहाबादी फरशीची ही खोली. ऊन दिवसभरात एकदाही आत शिरत नाही. उन्हाळ्यात घरातली झाडून सगळी माणसं इथे येऊन पडतात, थंडीत कुणी फिरकत नाही. टाकी मात्र बाराही महिने तिथेच असते, कारण भरलेली टाकी कुणी हलवत नाही. पासष्ट लिटर पाणी, वाळू, दगड आणि काच मिळून तिचं वजन धट्ट्याकट्ट्या माणसापेक्षा जास्त भरतं, आणि उचलायला गेलं तर सांधे उकलायची भीती.

आपल्याला थंडी वाजते. माशाला वाजत नाही, तो सरळ थंडच होतो. पाणी २६ अंशांवर असेल तर मासाही २६ अंशांवर. पाणी १९ वर उतरलं की त्याचं रक्त, आतडी, स्नायू सगळं त्याच्याबरोबर उतरतं. कुडकुडून अंगात ऊब आणायची सोय त्याच्याकडे नाही. अशा सकाळी एंजल मासा जवळून बघावा. एरवी पाठीवरचा पर ताठ उभारून टाकीभर मालकासारखा फिरणारा हा प्राणी पर मिटून एका कोपऱ्यात, जरा कललेला, उभा असतो. कल्ल्यांवरची झापडं उघडतात, मिटतात, आणि दोन श्वासांच्या मध्ये आपल्यालाच काळजी वाटेल इतका वेळ जातो. खाण्याचा तुकडा नाकासमोरून तरंगत जातो. तो बघतो, तोंडात घेतो, थुंकतो. त्याचं बरोबरच असतं. गार पोटात अन्न पचत नाही. अशा दिवशी दया येऊन जास्त खाणं टाकणाऱ्यांचं पाणी कुजतं आणि थंडीतून वाचलेला मासा त्या पाण्याने जातो.

दोष माशाचा नाही. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मॉली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, गप्पी त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडची, फायटर थायलंडचा. यांच्यापैकी कुणाच्या सात पिढ्यांनी निफाडचं नाव ऐकलेलं नाही. मग पालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडतात त्या विहिरींमध्ये कशा जगतात, असं कुणी विचारेल. विहिरीत हजारो लिटर पाणी असतं आणि चहूबाजूंनी जमिनीचं पांघरूण. एका रात्रीच्या गारठ्याने तिचं काही बिघडत नाही. दोन फुटी टाकीला पाच बाजूंनी उघडी काच आणि वरून मोकळी हवा.

तरी पाण्यासारखा सबुरीचा पदार्थ नाही. पासष्ट लिटर पाणी एका अंशाने तापवायला शंभर वॉटच्या हीटरला पाऊण तास लागतो, तेही मध्ये काही वाया न जाता. चढताना जेवढा आळस तेवढाच उतरताना, आणि माशाला हा आळसच मानवतो. दिवसाकाठी एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे झाला तर तो सोसतो. दुपारी २७ आणि पहाटे २० असं रोज झालं तर कुठलाच मासा फार दिवस सोसत नाही. म्हणून माझ्या मते हीटर ही नंतरची गोष्ट, आधी गळती बंद करावी. मागच्या काचेला, दोन्ही बगलांना आणि टाकीखाली थर्माकोलचे तक्ते लावावेत. दिसायला वाईट दिसतं. पुढची काच मोकळी राहते ना, मग झालं.

सगळ्यात मोठा चोर मात्र वरच्या बाजूने येतो. नाशिकची थंडी कोरडी असते, उघड्या टाकीतलं पाणी चार-पाच दिवसांत बोटभर उतरतं. हे पाणी नुसतं जात नाही, ऊब घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात सगळी पासष्ट लिटरची टाकी नऊ अंशांनी गार होईल. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की माणूस मुकाट्याने काचवाल्याकडे झाकण कापून घ्यायला जातो. फायटरसाठी तर झाकण हवंच. तो वर येऊन तोंडाने हवा घेतो, आणि पाणी व झाकण यांच्या फटीतली ती हवा दमट नि उबदार असलेली बरी.

आता हीटर. घरी मासे ठेवायची हौस युरोपात वाढली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं, दुसऱ्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि दिवाणखान्यांतून काचेच्या टाक्या मांडल्या जाऊ लागल्या. पुढे उष्ण प्रदेशातले मासे आणले तेव्हा घरोघर वीज कुठली! टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करायचे आणि खाली दिव्याची नाहीतर गॅसची बारीक ज्योत ठेवायचे. वाळूत तोंड खुपसणाऱ्या माशांचं त्या तापल्या तळावर काय होत असेल, देव जाणे. त्या मानाने आजची काचेची नळी म्हणजे चैन. आत तारेचं वेटोळं आणि दोन धातू जोडलेली एक पट्टी. गार झाली की ती वाकून टेकते, तापली की सुटते. रात्री खोली शांत असली तर तिची टिक ऐकू येते आणि लाल दिवा लागतो.

दुकानदार लिटरमागे एक वॉट सांगतात. गार खोलीत दीड धरावा. माझा आग्रह असा की शंभरचा एक घेण्यापेक्षा पन्नासाचे दोन घ्यावेत. पट्टी चिकटून एक हीटर चालूच राहिला तर एकटा पन्नास वॉटचा टाकी चटकन उकडू शकत नाही, आणि एक मेला तर दुसरा रात्र काढतो. ते फिल्टरच्या धारेजवळ बसवावेत, म्हणजे ऊब फिरते. वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, ओघळलेला थेंब तिथेच ठिबकतो. पाणी बदलायच्या आधी प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. तापलेली नळी उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी पडलं की तडकलीच.

पाणी बदलताना आमच्याकडे आईची देखरेख असते. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपर बुडवून बघतात तशी ती माझ्या बादलीत कोपर घालते आणि म्हणते, “अरे, गारच आहे की हे! सोसेल का त्यांना?” थर्मामीटर २६ दाखवत असतो. आपलं अंग ३७ अंशांचं, त्यामुळे माशाला हवंहवंसं वाटणारं पाणी आपल्याला गारच लागणार. आणि आपल्याला कोमट वाटेल ते त्याला भाजेल. “तुझा काटा बिघडलाय,” हा तिचा निकाल. वादात न पडता मी बादली ओततो.

थंडीच्या एका झटक्यानंतर माशाच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर समजावं, इच आला. हा परजीवी कातडीखाली पोसतो, मग गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि नवी पिल्लं पुन्हा मासा शोधत पोहतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. गार पाण्यात ही फेरी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, उबदार पाण्यात काही दिवसांत पुरी होते. म्हणून औषधाबरोबर तापमान हळूहळू, दोन-तीन दिवसांत, ३० पर्यंत नेतात. पंप मात्र जोरात हवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. आजारी माशाला ऊब द्यायची आणि श्वास काढून घ्यायचा, असं व्हायला नको.

हे सगळं टाळायचं असेल तर खोलीला मानवेल असा मासा आणावा. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातल्या ओढ्यांचा, १८-२० अंशांतही तुरतुरत असतो. गोल्डफिश तर गार पाण्याचाच. त्याला एंजलच्या टाकीत घालून २८ अंशांवर ठेवणं हा दोघांवरही अन्याय, आणि दुकानात तो सर्रास विकतात. केरळच्या घाटातल्या झऱ्यांमधली तांबड्या पट्ट्याची ‘मिस केरळा’ही गारव्यात खुलते. पण शौकिनांनी तिला इतकी उपसली की ती धोक्यात आली आहे. घ्यायचीच तर टाकीत पैदास केलेली घ्यावी. एंजल ठेवणाऱ्याने विजेच्या बिलाबद्दल तोंड उघडू नये. दोन्ही हीटर मिळून बारा तास चालले तर सव्वा युनिट जातं. वीजच गेली तर टाकीवर घोंगडी टाकावी, वर हवेपुरती फट ठेवून. गरम पाण्याने भरलेली बाटली बूच घट्ट लावून पाण्यात तरंगत सोडली तरी तासभर आधार मिळतो.

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात. संक्रांतीलाच हीटर काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. फेब्रुवारीत दुपार तापते आणि पहाट तशीच झोंबरी राहते, दिवसरात्रीतला फरक उलट वाढतो. होळीनंतर मात्र नळ्या पुसून कपाटात जातात, थर्माकोल माळ्यावर. एप्रिलमध्ये पाणी ३२ च्या पुढे सरकू लागलं की हिवाळाभर जपलेलं झाकण काढायचं आणि पाण्यावर छोटा पंखा सोडायचा. वाफ उडते आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. पाणी तेवढं रोज भरत राहावं लागतं.