शिवराईवरचा ओरखडा

वडिलांच्या पेटीत एक शिवराई होती. ती आतूनही तांब्याचीच की वर नुसता मुलामा, हे पाहायला आम्ही कल्याणला एका जाणकाराकडे गेलो. मी मान डोलावली आणि त्यांनी कडेला कानस मारली. आत तांबेच निघाले. वडील मात्र डोंबिवली येईपर्यंत लोकलमध्ये एक शब्द बोलले नाहीत.

पुढे म्यूऑनविषयी वाचताना तो प्रवास आठवला. इलेक्ट्रॉनहून सुमारे २०७ पट जड असलेला हा कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. ऋणभारित म्यूऑन धातूत थांबला की अणू त्याला आपल्या कक्षेत ओढून घेतो. केंद्रकाकडे पायरीपायरीने उतरताना तो क्ष-किरण सोडतो आणि त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येते. तांब्याचे नेहमीचे क्ष-किरण ८ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे, पृष्ठभागापुरतेच बोलणारे. म्यूऑनमुळे निघणारे सुमारे १५ लाखांपर्यंतचे, थेट गाभ्यातून बाहेर येणारे. शेवटी केंद्रक बहुधा म्यूऑनला गिळते, तांब्याचे निकेल होते, गॅमा किरण निघतात. (म्हणजे मोजक्या अणूंपुरता ओरखडा इथेही आहेच!) इंग्लंडमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत रोमन सुवर्णनाणी अशीच तपासली गेली. आकाशातून आपल्या तळहातावरही मिनिटाला शंभरएक म्यूऑन पडतात, पण या मोजणीला ते पुरत नाहीत, त्वरकच लागतो.

वडील आता नाहीत. वर्गात कविता ‘फोडून’ सांगताना मी कधीकधी अडखळतो. शिवराई पेटीतच आहे. कानशीची खूण काळवंडली आहे.