दोन तट

भाचीनं संगणक घ्यावा की यंत्र अभियांत्रिकी, यावरून घरात दोन तट पडले आहेत. ताई पगार मोजते, भावोजी म्हणतात, "यंत्र हाताला लागतं, संगणकाचं काय दिसतं?" मला आपली या भांडणाची गंमत वाटते. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' संगणक पुरा झाला, तेव्हा आपल्याकडे संगणकाची पदवीच नव्हती! तो घडवणाऱ्यांचे प्रमुख आर. नरसिंहन शिकले होते दूरसंचार अभियांत्रिकी, मग गणित. कुंपण मागाहून आलं.

म्हणून मी भाचीला एवढंच विचारलं, "वेळेचं भान कशात सुटतं? अडलेल्या गणितात, की खोललेल्या पंख्यात?"

ती गप्प झाली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "मामा, पंख्यात."

आता ताईला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न उरला आहे!