चिखलाची बाजू

आषाढात मावळातली खाचरं चिखलली की भाताच्या आधी पावलांचं पीक येतं. बैलाचे खूर, बगळ्याची चार बोटं, आवणीला वाकलेल्या बायकांच्या टाचा. सांजेपर्यंत पाऊस सगळं पुसून टाकतो. इतकी वर्षं या बांधांवरून शाळेत गेलो. पण पाऊल म्हणजे काय, हे मला कळलं ते खोटं पाऊल घडवायला बसलो तेव्हा.

शाळेच्या अंगणात मुलांसाठी डायनोसॉरचा ठसा ठेवायचा होता. दोन पायांवर चालणारा, मांस खाणारा, तीन बोटांचा. लांबी ४५ सेंटिमीटर धरली. ठशाच्या लांबीची चौपट केली की कमरेची उंची साधारण कळते, म्हणजे या जनावराची नुसती कंबरच माझ्या डोक्यावरून जाणार. घाट उतरून पेणहून शाडू आणली, मळली, लाकडी चौकटीत थापली. बोटं कोरली, नखांना टोकं काढली, ओल्या बोटानं कडा गुळगुळीत केल्या. देखणं झालं होतं.

शेजारच्या मावशी आवणीवरून परतताना डोकावल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, पाय ठिवलाय खरा. पर उचलला कुठं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाचराच्या बांधावर बसलो. टाच रुतते, चिखल बाजूंना फुगतो. मग भार पुढं सरकतो, बोटं मागं रेटतात आणि त्यांच्यामागं चिखलाची छोटी वळी उठते. पाय निघताना चिखल त्याला धरून ठेवू पाहतो; कडा ओढल्या जातात, थोड्या आत ढासळतात. पातळ चिखलात तर बोटांच्या खाचा लगेच मिटू लागतात, आणि आवळत आलेल्या चिखलात कातडीची सुरकुतीही उतरते. म्हणजे एकच पाय दोन जागी दोन ठसे उमटवतो. ठशात निम्मा वाटा चिखलाचा असतो, आणि मी तोच गाळला होता. घरी येऊन सगळी शाडू पुन्हा मळली.

नक्कल करणाऱ्याला अस्सल वस्तू तशी का आहे हे ठाऊक असावं लागतं, हे आमच्या मावळानं फार पूर्वी दाखवून ठेवलंय. भाज्याच्या चैत्यगृहात खांब आत कललेले आहेत. लाकडी घरात छताचा भार पेलायला खांब तिरके लावत. कातळात कोरलेल्या खांबाला त्याची गरजच नव्हती. तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरानं तो कल जपला. लाकूड कसं उभं राहतं हे त्याच्या हातांना माहीत होतं.

साच्याचं काम मला सर्वांत आवडलं. प्लास्टर पाण्यात हळूहळू पेरायचं, बुडबुडे न उठवता ढवळायचं, पहिला हात पातळ द्यायचा, मग काथ्या बुडवून जाड थर. घट्ट होताना प्लास्टर तापतं. तळहात ठेवला तर जनावराच्या पाठीसारखी ऊब लागते. साचा उलटा केला, चिकटलेली शाडू धुऊन काढली आणि मी थबकलो. खळगा होता तिथं आता फुगवटा होता. मी ठसा घडवला होता, आणि समोर आला तो पायाचा तळवा.

त्याला साबणाचं पाणी आणि तेलाचा हात देऊन वर सिमेंट आणि बारीक वाळू भरली. ढासळलेल्या कडांच्या आत सिमेंट अडकतं, त्यामुळं साचा सुटून येत नाही. छिन्नीनं फोडूनच काढावा लागतो. फोडताना एक नख गेलं, ते मागून बसवलं. निसर्गही असाच ओततो. वाळलेल्या ठशात नवी वाळू भरते, दोन्हींचा दगड होतो, आणि कधीतरी थर सुटले की एकीकडं खळगा निघतो, दुसरीकडं उंचवटा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यात असे तीन बोटांचे ठसे मिळाले तेव्हा एडवर्ड हिचकॉक यांनी १८३६ साली ते प्रचंड पक्ष्यांचे म्हणून मांडले. चूक म्हणवत नाही मला. ठसे डायनोसॉरांचे ठरले, आणि पक्षी त्यांच्याच कुळातले निघाले.

मुलांनी विचारलं, आपल्या डोंगरात असं पाऊल मिळेल का? आपला कातळ लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भूवैज्ञानिकांनी त्यातल्या थरांच्या एका गटाला लोणावळ्याचंच नाव दिलंय, त्यातल्या एकाला खंडाळ्याचं. तापलेल्या लाव्हावर कोण पाय ठेवणार? पण घाटांतल्या दरडीत काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती, वरच्या लाव्हानं भाजलेली. जमीन तेवढीच, तेवढा वेळ, चालण्याजोगी होती.

आणि भाताचं सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, आणि २०११ साली त्यांतले काही कण भाताच्या कुळातले असल्याचंही. आमच्या खाचरातल्या इंद्रायणी तांदळाचे इतके जुने भाऊबंद!

रंगाला म्हणून मी तांबडी मातीच घेतली. आधी काळपट हात, त्यावर पातळ तांबडा, खोलगटात साचू दिलेला. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंच कडांवर फिकट राखी.

मावशींना बोलावलं. त्यांनी बोटांमागच्या वळीवरून हात फिरवला, आत ढासळलेल्या कडेशी थांबल्या. "आता गेला ह्यो," म्हणाल्या. "पर कुणीकडं?"

फरशी कुठल्या दिशेनं मांडायची हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मुलांत वाद झाला. कुणी डोंगर म्हणालं, कुणी रस्ता. मग चौघांनी ती उचलली आणि बोटं इंद्रायणीकडं, पाण्याकडं केली.